नव्या पानाची तजवीज

एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळास नवे पान जोडणे आता इतके सुलभ झाले आहे की, ते जबाबदारीचे काम आहे याचेच पुष्कळांस विस्मरण होते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी संगणकाच्या आज्ञावलीची परिभाषा ज्यास अवगत असे, तोच असे पान रचू शके. संस्थेचा कार्यवाह त्याच्याकडे मजकूर धाडी, तो आपल्या सवडीने पान सिद्ध करून दूरच्या संगणकावर चढवी, आणि पुढे त्यातील एखादे ऱ्हस्व-दीर्घ सुधारावयाचे झाले तरी पुन्हा त्याच्याकडेच जावे लागे. मजकुराचे व्यवस्थापन करणाऱ्या प्रणालींनी ही परवशता संपविली. त्यांपैकी सर्वाधिक प्रसार पावलेली 'वर्डप्रेस' ही प्रणाली २००३ साली मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल या दोघांनी सुरू केली. मुक्त परवान्याखाली ती कोणासही विनामूल्य वापरता येते, तिचे मराठी रूपही उपलब्ध आहे, आणि जगातील संकेतस्थळांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक स्थळे आज तिच्यावर चालतात. ज्याला पत्र लिहिता येते त्याला आता पान जोडता येते. प्रश्न उरतो तो ते पान कोणासाठी, कोणत्या रूपात आणि कोणाच्या जबाबदारीवर जोडावयाचे हा. आणि त्याविषयी दोन प्रामाणिक माणसांत तीव्र मतभेद असू शकतो.

महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावांतून जी जुनी सार्वजनिक वाचनालये आहेत, त्यांच्या कार्यालयांत हा मतभेद मला विशेष स्पष्टपणे जाणवतो, म्हणून तो मी येथे दोन पात्रांच्या मुखाने मांडीत आहे. पहिले पात्र वाचनालयाच्या वयोवृद्ध कार्यवाहांचे, ज्यांची हयात आवक-जावक बारनिशी, दाखल नोंदवही आणि सभावृत्तांत यांच्या सहवासात गेली; दुसरे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेऊन अलीकडेच रुजू झालेल्या ग्रंथपालबाईंचे. पात्रे कल्पित असली तरी त्यांचे म्हणणे कल्पित नाही. वाचनालयातील दुर्मीळ ग्रंथांची यादी संकेतस्थळावर स्वतंत्र पानाने द्यावी, असा ठराव कार्यकारी मंडळाने संमत केला आहे, आणि आता त्याचा अंमल व्हावयाचा आहे.

ग्रंथपाल : नाना, ठराव झालेला आहे, यादी आपल्या कपाटात तयार आहे. प्रणालीत प्रवेश करून नवीन पान मागितले की कोरी जागा उघडते. वर शीर्षक, खाली मजकूर. आज संध्याकाळपर्यंत पान वाचकांपुढे ठेवता येईल.

कार्यवाह : बाई, जे ग्रंथ जमविण्यात तीन पिढ्या खर्ची पडल्या त्यांची यादी एका दिवसात लोकांपुढे ठेवण्याची ही त्वराच मला भय घालते. छापखान्यात मजकूर द्यावयाचा म्हटले म्हणजे प्रथम मसुदा होई, त्याची स्वच्छ नक्कल होई, मुद्रिते तपासली जात, आणि इतक्या हातांतून जाऊन जो कागद बाहेर पडे त्याविषयी आम्हांस खात्री वाटे. तुमचे हे पान आज आहे तसेच उद्या असेल, याची हमी कोण देणार?

ग्रंथपाल : छापील पान एकदा निघाले म्हणजे वस्तू म्हणून अस्तित्वात राहते. येथे तसे पान कोठेच ठेवलेले नसते. मजकूर डेटाबेसच्या कोष्टकात नोंदीच्या रूपाने असतो, मांडणीचा साचा निराळा असतो, वरच्या मेन्यूची तजवीज आणखी निराळी. आणि वाचकाने मागणी केली म्हणजे ही सर्व अंगे एकत्र आणून प्रणाली त्या क्षणी त्याच्यासाठी पान रचते. उद्या आपण संकेतस्थळाचे रूप बदलले तरी यादीला हात लावावा लागणार नाही.

कार्यवाह : म्हणजे आपल्या दाखल नोंदवहीसारखे. नोंद एकच, तीवरूनच वार्षिक अहवाल निघतो आणि तपासणीचा तक्ताही तीवरूनच निघतो. हे मला पटते. परंतु नोंदवहीत कोणी खाडाखोड केली तर ती डोळ्यांस दिसते, आणि तीपुढे स्वाक्षरी करावी लागते. तुमच्या नोंदीतील खाडाखोड कोणास दिसणार?

ग्रंथपाल : तुम्हांलाच दिसेल. २००८ सालापासून ही प्रणाली जतन केलेल्या मजकुराच्या मागील आवृत्त्या सांभाळून ठेवते. कोणी, कोणत्या तारखेस, किती वाजता कोणते शब्द घातले आणि कोणते काढले, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येते, आणि नवी आवृत्ती चुकीची ठरली तर जुनी पुन्हा आणता येते.

कार्यवाह : ही व्यवस्था चांगली आहे. तरीही माझी तजवीज ऐका. यादी छापलेली आहे, तीवर अध्यक्षांची स्वाक्षरी आहे, संस्थेचा शिक्का आहे. ती स्कॅन करून तेच चित्र पानावर लावा. पुन्हा टंकन नको, त्यातल्या चुका नकोत, कोणी अक्षर बदलले असा आक्षेप नको. अस्सल दस्तऐवज वाचकासमोर राहील.

ग्रंथपाल : नाना, एवढे मात्र आपण करू नये. आपल्या संग्रहात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ सालची दुसरी आवृत्ती आहे. पुण्याचा किंवा लंडनचा एखादा अभ्यासक तिच्या शोधात असेल, तर तो शोधयंत्रात ग्रंथाचे नाव लिहील. मजकुरातले नाव शोधयंत्रास सहज सापडते. शिक्का पडलेल्या, किंचित तिरक्या स्कॅनमधले नाव सापडेलच असे कोणी सांगावे? शिवाय बहुतेक वाचक हे पान मोबाइलवर पाहणार. मजकुराच्या ओळी पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मोडतात. चित्र मात्र तसेच्या तसे आक्रसते, आणि मोठे करावे तर ओळीचे शेवटचे शब्द पडद्याबाहेर जातात. आणि जे वाचक डोळ्यांनी वाचू शकत नाहीत त्यांचे काय? ते पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर वापरतात. 'एनव्हीडीए' नावाचे असे सॉफ्टवेअर २००६ पासून विनामूल्य मिळते, आणि मराठी उच्चारणारा आवाज त्यास जोडता येतो. मजकूर असेल तर ते यादीतले प्रत्येक नाव उच्चारील. चित्रापाशी आले म्हणजे येथे चित्र आहे एवढेच सांगून पुढे जाईल.

कार्यवाह : आपल्या वाचनालयात अंध सभासद येतात, त्यांना पुस्तके वाचून दाखविणारे स्वयंसेवकही आहेत. त्यांच्यासाठी दार उघडे ठेवावयाचे आणि संकेतस्थळावर मात्र त्यांना बाहेर ठेवावयाचे, हे मला पसंत नाही. पण मग अस्सलपणाचा दाखला कोणता? शिक्क्याशिवायची यादी कोणीही उठून करील.

ग्रंथपाल : अस्सल कागद दप्तरातच राहील. पानाच्या अखेरीस आपण लिहू की, ही यादी कार्यकारी मंडळाच्या अमुक तारखेच्या ठरावान्वये प्रसिद्ध केली असून, तिची रुजुवात दाखल नोंदवहीवरून केली आहे. सही-शिक्क्याची प्रतही खाली जोडू, ज्यास हवी त्याने उतरवून घ्यावी. मात्र ती मजकुराच्या जोडीला असेल, मजकुराची जागा घेणार नाही.

या मुद्द्यावर मी ग्रंथपालबाईंच्या बाजूचा आहे, आणि ते नि:संदिग्धपणे सांगतो. मराठी संस्थांच्या संकेतस्थळांवर सूचना, नियम, वर्गणीचे दर आणि सभेच्या नोटिसा चित्ररूपाने लावण्याची जी रीत पडली आहे, तिच्या मुळाशी आळस होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामायिक संकेतव्यवस्था रूढ होण्यापूर्वीच्या काळात श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा प्रत्येक टंकाची संकेतव्यवस्था आपापली असे. देवनागरी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असत, आणि ज्याच्या संगणकावर तो विशिष्ट टंक नसे त्यास मराठी मजकुराऐवजी निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. अशा स्थितीत मजकुराचे चित्र करून पाठविणे यात व्यवहारचातुर्य होते. परंतु युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान मिळाले, २००० सालच्या सुमारास प्रचलित संगणकप्रणालींनी तिचा स्वीकार आरंभिला, आणि आज खेड्यातल्या साध्या मोबाइलवरही मराठी अक्षर शुद्ध उमटते. कारण नष्ट झाले आणि रीत तेवढी राहिली. जी भाषा यंत्राला वाचता यावी म्हणून पुष्कळांनी परिश्रम केले, तीच भाषा आपण आपल्या हातांनी पुन्हा चित्रात कोंडतो, याचे मला दु:ख होते.

त्या जुन्या टंकांचा उपसर्ग या दोघांनाही चुकला नाही.

कार्यवाह : या यादीची मूळ फाईल डीटीपी करणाऱ्याने दिलेली आहे. तीतूनच मजकूर उचलून पानावर घ्या, म्हणजे टंकनाचे श्रम वाचतील.

ग्रंथपाल : मी तसे करून पाहिले. फाईल जुन्या टंकातली आहे. पानावर चिकटविली तर सर्वत्र रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा गोंधळ होतो. तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने आहेत, पण रफार भलत्या अक्षरावर चढतो, पहिली वेलांटी एक अक्षर पुढे-मागे सरकते, एखादे जोडाक्षर फुटते. लेखकांची नावे आणि प्रकाशनवर्षे यांत अशी चूक राहिली तर यादीच निकामी.

कार्यवाह : मग असे करा. रूपांतर तुम्ही करा, आणि कागदावर काढून मजकडे द्या. दाखल नोंदवही समोर घेऊन एकेक ग्रंथाची रुजुवात मी स्वत: करीन, जेथे नोंदवही आणि यादी यांत फरक आढळेल तेथे ग्रंथ कपाटातून काढून त्याचे मुखपृष्ठ पाहीन.

ग्रंथपाल : याहून मोठे साहाय्य कोणते? मी यादीचे विभाग पाडते : कोश आणि व्याकरणे, नियतकालिकांचे जुने अंक, शिळाप्रेसवर छापलेले ग्रंथ. विभागांची नावे नुसती ठळक करणार नाही. प्रणालीत मथळ्यासाठी जी स्वतंत्र सोय आहे तीच वापरीन, कारण ऐकून वाचणारा वाचक एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर थेट जाऊ शकतो. नुसत्या ठळक अक्षरांवर त्याला तसे जाता येत नाही.

कार्यवाह : आणि हे सर्व बातम्यांच्या खाली जाऊन हरवणार नाही ना? गेल्या वर्षीच्या व्याख्यानमालेची माहिती आता कोठे दडली आहे ते मला सापडत नाही.

ग्रंथपाल : ती लेख म्हणून घातलेली होती, म्हणून नव्या बातम्या येत गेल्या तशी ती मागे गेली. लेखाला तारखेचा क्रम असतो. पान त्या क्रमाबाहेर असते. २००५ सालच्या आवृत्तीपासून वर्डप्रेसने ते निराळे केले, आणि एका पानाच्या पोटात दुसरे पान ठेवण्याची सोयही त्यात दिली. आपली यादी ग्रंथसंग्रहाच्या पानाखाली राहील.

यानंतरचा वाद पानाच्या पत्त्याविषयीचा. वाचणाऱ्यास हा मुद्दा किरकोळ वाटण्याचा संभव आहे, पण माझ्या मते या सर्व व्यवहारात त्याइतका उपेक्षित आणि त्याइतका दूरगामी मुद्दा दुसरा नाही.

कार्यवाह : पत्ता मराठीतच हवा. मराठी ग्रंथांची यादी मराठी वाचनालय प्रसिद्ध करते. तिचा पत्ता रोमन लिपीत का?

ग्रंथपाल : शीर्षक लिहिले की प्रणाली त्यावरून पत्ता आपण होऊन तयार करते, आणि तो देवनागरीतच होतो. अडचण पुढे येते. ठरावातले शीर्षक 'आमच्या वाचनालयातील दुर्मीळ ग्रंथांची यादी' असे आहे. पानाच्या पत्त्यास प्रणालीने २०० चिन्हांची मर्यादा घातली आहे. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, एवढेच काय पण जोडाक्षरातला न दिसणारा हलन्तसुद्धा, तीन बाइटांचा असतो, आणि पत्त्यात प्रत्येक बाइट तीन चिन्हांनी लिहिला जातो. म्हणजे एकाची नऊ झाली. 'आमच्या वाचनालयातील' एवढ्यातच १५४ चिन्हे खर्ची पडतात, आणि पत्ता 'दुर्म' या ठिकाणी तुटून थांबतो.

कार्यवाह : अर्धवट शब्दाचा पत्ता आपल्या संस्थेस शोभणार नाही. शीर्षक ठरावाप्रमाणे राहू द्या, आणि पत्त्यात 'दुर्मीळ-ग्रंथ' एवढेच ठेवा.

ग्रंथपाल : तो १०९ चिन्हांत मावतो. तरीही कोणी तो उचलून व्हॉट्सॲपवर पाठविला तर पुष्कळदा टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि लोक ती संशयास्पद समजून उघडत नाहीत. म्हणून मी रोमन लिपीतला लहान पत्ता सुचविते. तो पावतीवर छापता येईल, दूरध्वनीवरून सांगता येईल.

कार्यवाह : दूरध्वनीवरून सांगाल कसा? 'दुर्मीळ' हा शब्द रोमन लिपीत लिहिताना कोणी एक 'आय' लिहील, कोणी दोन 'ई' लिहील. 'ळ'साठी तर त्या लिपीत जागाच नाही. मराठी माणसास हा शब्द मराठीत एकाच प्रकारे सांगता येईल. पाठविताना माळ दिसत असेल तर तो दोष त्या साधनांचा आहे. त्यासाठी आपण आपली लिपी का सोडावी?

येथे माझा कौल कार्यवाहांच्या बाजूने पडतो. आखूड आणि देवनागरी, असा पत्ता करणे शक्य असता रोमन लिपीचा आश्रय घेण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. ग्रंथपालबाईंचे समाधान पूर्णपणे झाले नाही. त्यांनी पत्ता मान्य केला, पण सोबत एक इशारा दिला.

ग्रंथपाल : मग तो आज ठरवू तो कायमचा. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता पुढे बदलला तर ही प्रणाली जुना पत्ता स्मरणात ठेवते आणि तेथे आलेल्या वाचकास नव्या पत्त्यावर पोहोचविते. पानाच्या बाबतीत ती तशी नोंद ठेवीत नाही. आपण पत्ता बदलला, आणि जुना पत्ता कोणी आपल्या प्रबंधाच्या टिपेत दिलेला असला, तर तेथून येणाऱ्यास पान सापडले नाही असे उत्तर मिळण्याचा धोका आहे.

कार्यवाह : हे मला फार महत्त्वाचे वाटते. ज्या शाश्वतीविषयी मी प्रथम विचारले ती येथे आहे. मजकूर सुधारावा, साचा बदलावा, पण दिलेला पत्ता मोडू नये. सभावृत्तांतात याची नोंद करून ठेवू.

ज्यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ साली एका टिपणात हाच आग्रह धरला होता. आज सुधारणेच्या नावाखाली संस्था आपली संकेतस्थळे नव्याने उभारतात आणि जुने सर्व पत्ते एका रात्रीत मृत करतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबून लिहिलेल्या किती लेखांचे आणि प्रबंधांचे आधार निखळतात याचा हिशेब कोणी ठेवीत नाही.

राहिला प्रकाशनाच्या अधिकाराचा प्रश्न. वर्डप्रेसमध्ये मूळ व्यवस्थेप्रमाणे पाच प्रकारचे वापरकर्ते असतात, आणि त्यांपैकी लेखकाचा अधिकार ज्यास दिला आहे तो आपला लेख प्रसिद्ध करू शकतो, परंतु पान जोडू शकत नाही. तो अधिकार संपादक आणि प्रशासक या दोघांनाच असतो.

कार्यवाह : म्हणजे प्रणाली करणाऱ्यांनीही पानाचे गांभीर्य ओळखले आहे. मग माझा आग्रह असा की, कोणतेही पान प्रथम मसुदा म्हणून ठेवावे, मी ते पाहून शेरा द्यावा, आणि त्यानंतरच ते प्रसिद्ध व्हावे.

ग्रंथपाल : यादीच्या बाबतीत मला मान्य आहे. परंतु वाचनालयाच्या वेळा, सुट्या, देवघेव विभाग बंद राहण्याची सूचना, या पानांना हा नियम लावू नका. आपण परगावी असलात आणि माझा बदल चार दिवस मसुद्यातच अडकला, तर दहा कोसांवरून आलेला वाचक बंद दारावरून परत जाईल. चुकीच्या मजकुराने वाचकाची हानी होते तशीच विलंबानेही होते.

कार्यवाह : विलंबाने निदान संस्थेच्या नावाला बट्टा लागत नाही.

ग्रंथपाल : जो परत गेला त्याच्या दृष्टीने लागतो, नाना.

या एका बाबतीत त्यांचे एकमत झाले नाही, आणि ते व्हावयास हवे होते असेही मला वाटत नाही. मेन्यूचा विषय मात्र दोन वाक्यांत मिटला : प्रसिद्ध केलेले पान आपण होऊन मेन्यूत येईलच असे नसल्यामुळे, ग्रंथसंग्रहाच्या नावाखाली ते वेगळे नेऊन ठेवावयाचे ठरले.

कार्यवाह : शेवटचे एक विचारतो. उद्या तुम्हांस दुसरीकडे चांगली जागा मिळाली आणि तुम्ही गेलात, तर या पानाकडे कोण पाहणार?

ग्रंथपाल : प्रश्न रास्त आहे. माझे खाते माझ्या नावाचे राहो, पण प्रशासकाचे खाते संस्थेच्या ईमेलवर असावे. डोमेनची नोंदणीही संस्थेच्याच नावे असावी. एखाद्या उत्साही सभासदाच्या नावे ती असते, मुदत संपल्याची सूचना त्याच्याकडे जाते, आणि नूतनीकरण न झाल्यामुळे सबंध स्थळ नाहीसे होते, असे घडते. आणि आपण जीर्ण ग्रंथांचे जसे निर्लेखन करतो तसे कालबाह्य पानांचेही वर्षातून एकदा व्हावे.

कार्यवाह : कार्यभार सोपविण्याच्या यादीत कपाटांच्या किल्ल्या, रोख शिल्लक आणि शिक्के यांच्याबरोबर आता या दोन नोंदी मी घालतो. पुढचा कार्यवाह त्यांवर स्वाक्षरी केल्याखेरीज कार्यभार घेणार नाही.

या संवादातील कोणाचा पक्ष अधिक सबळ, हे वाचकांनी आपापल्या अनुभवाप्रमाणे ठरवावे. माझी वाचकांस विनंती एवढीच आहे की, त्यांनी आपल्या गावच्या वाचनालयाचे, शाळेचे किंवा नगरपालिकेचे संकेतस्थळ उघडावे, वेळा, वर्गणी किंवा नियम यांपैकी एखादे पान काढावे आणि त्यातील एखादा शब्द बोटाने निवडता येतो का ते पाहावे. निवडता आला नाही, तर तेथे मजकुराऐवजी त्याचे चित्र लावलेले असण्याचा संभव आहे. मग त्या संस्थेच्या कार्यवाहांस एक सविनय पत्र लिहून, तो मजकूर युनिकोडमध्ये टंकून देण्याची स्वत:ची तयारी कळवावी.